बुजवलेला खंदक पुन्हा उघडला

खंदक म्हणजे काय, हे तुम्हांला सांगावयास नको. भुईकोट किल्ल्याभोवती खोल चर खणतात आणि त्यात पाणी सोडतात, तो खंदक. सोलापूरचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याचा खंदकही पाहिला असेल. शत्रूला भिंतीपाशी सहज येता येऊ नये, म्हणून ही योजना.

आज आम्ही एका दूरच्या शहराच्या खंदकाची हकीकत सांगणार आहोत. हा खंदक सुमारे नऊशे वर्षांपूर्वी खणला गेला. पन्नास वर्षांमागे त्याचा एक तुकडा बुजवला आणि तेथे मोटारींचा मोठा रस्ता केला. पुढे त्याच शहरातल्या लोकांनी तो रस्ता उखडला आणि खंदकात पुन्हा पाणी आणले.

तुम्ही म्हणाल, हा कसला उपद्व्याप? आधी बुजवायचे कशाला आणि मग उकरायचे कशाला? आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. म्हणून आम्ही नीट पाहिले आणि विचारून घेतले. त्यात आमचीही एक जुनी चूक आम्हांला आठवली. तीही सांगतो.

शहर कोठे आहे

यूरोप खंडात नेदरलँड्स नावाचा देश आहे. त्याला हॉलंड असेही म्हणतात. देश लहान, आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. जमीन सपाट आणि सखल. देशाचा सुमारे चौथा भाग समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली आहे. त्यामुळे बांध घालणे, चर खणणे, पाणी उपसणे हे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले काम आहे.

या देशाच्या मध्यावर उट्रेख्त नावाचे शहर आहे. आमची पुतणी तेथे नोकरीला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर उतरलो आणि आगगाडीने अर्ध्या तासात उट्रेख्तला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणी म्हणाली, "काका, काकू, चला, तुम्हांला आमचा कालवा दाखवते."

स्टेशनपासूनच सुरुवात झाली. हे त्या देशातले सर्वांत गजबजलेले स्टेशन. त्याच्या पोटात सायकली ठेवण्याची जागा आहे. किती सायकली म्हणाल? साडेबारा हजार! तीन मजले नुसत्या सायकलींचे. तेथून बाहेर पडून थोडे चाललो, तोच समोर पाणी दिसले.

रुंद, संथ पाणी. दोन्ही बाजूंना गवताचे उतार आणि झाडे. काठाला दगडी पायऱ्या. पायऱ्यांवर माणसे उन्हाला बसलेली. कोणी डबा खात होते, कोणी नुसतेच पाण्याकडे पाहत होते. बदकांची पिल्ले आईमागे रांगेने चालली होती. एक लहान होडी आवाज न करता पुलाखालून गेली.

पुतणीने आपला फोन काढला आणि त्यात एक जुने छायाचित्र दाखवले. त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. खोलगट काँक्रीटचा रस्ता, त्यावर मोटारी, बाजूला उंच भिंती. ती म्हणाली, "आपण उभे आहोत ना, तीच ही जागा."

आम्ही एकदा छायाचित्र पाहिले, एकदा पाणी पाहिले. विश्वास बसेना.

कालवा कोणी खणला

आता या कालव्याची जुनी हकीकत ऐका.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी येथे ऱ्हाइन नदीच्या काठी लहानसा किल्ला बांधला. किल्ल्याभोवती वस्ती वाढली. पुढे चर्च आले, बाजार आला. इ. स. ११२२ मध्ये पाचवा हेन्री या सम्राटाने उट्रेख्तला शहराचे हक्क मान्य केले. मग लोकांनी गावाभोवती मातीचा तट घातला आणि तटाबाहेर खंदक खणला. या खंदकाला तेथे 'सिंगल' म्हणतात. शहराला पाण्याचे कडेच घातले म्हणा ना! या कड्याची लांबी सुमारे सहा किलोमीटर आहे.

गावाच्या आतूनही एक कालवा जातो. त्याचे नाव आउडेग्राख्त, म्हणजे जुना कालवा. हा मालाच्या ने-आणीसाठी होता. या कालव्याची एक गंमत आहे. रस्ता वर आणि पाणी बरेच खाली. होडीतला माल वर चढवायचा कसा? व्यापाऱ्यांनी युक्ती केली. घराखाली तळघर खणले आणि ते रस्त्याखालून थेट पाण्याच्या काठापर्यंत नेले. होडी आली की माल उतरवायचा आणि सरळ तळघरात लोटायचा. वर रस्त्यावर लोक चालत आहेत आणि खाली पोती सरकत आहेत! ती तळघरे आजही आहेत. त्यांत आता बहुतेक खाणावळी आणि दुकाने आहेत. त्यांना लागणारा माल नगरपालिकेची विजेवर चालणारी होडी पोहोचवते. म्हणजे कालव्याचा जुना धंदा अजून अगदीच बंद पडलेला नाही.

पुढे तोफा आल्या, लढाया करण्याची रीत बदलली. तट निरुपयोगी झाले. १८३० च्या सुमारास उट्रेख्तने तट पाडायला घेतले. पण खंदक बुजवला नाही. झोखर नावाच्या बागा आखणाऱ्या माणसाकडून खंदकाच्या काठाने बाग करवून घेतली. ज्या पाण्याने शत्रूला अडवायचे, त्याच पाण्याच्या काठी लोक संध्याकाळी फिरायला येऊ लागले.

बुजवला का

मग मोटारी आल्या.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर यूरोपात मोटारी भराभर वाढल्या. उट्रेख्तच्या अरुंद गल्ल्यांत त्या मावेनात. नगरपालिकेने एका जर्मन तज्ज्ञाला सल्ला विचारला. १९५८ साली त्याने सांगितले, "खंदक बुजवा. शहराभोवती गोल रस्ता आयताच मिळेल."

हे ऐकायला सरळ वाटते. जागा तयार आहे. कोणाचे घर पाडायला नको. पण पुष्कळ लोकांनी हरकत घेतली. सरकारनेही जुना ठेवा म्हणून या पाण्याला संरक्षण देण्याकडे कल दाखवला. म्हणून सगळा खंदक बुजला नाही. मात्र स्टेशनच्या बाजूचा, म्हणजे पश्चिमेचा, तुकडा गेला. त्या तुकड्याचे नाव काथाराइनेसिंगल. १९७० च्या सुमारास त्यातले पाणी काढले आणि खंदकाच्याच खोलगट जागेत अनेक पदरी रस्ता केला. शेजारी स्टेशनला लागून प्रचंड मोठा झाकलेला बाजार उठला. तो १९७३ साली उघडला.

आता गंमत पाहा. गोल रस्ता करायचा म्हणून खंदक बुजवला, पण बाकीचा खंदक वाचल्यामुळे गोल काही पुरा झाला नाही. राहिला तो मोठ्या रस्त्याचा एक लहानसा तुकडा. स्टेशन एका बाजूला आणि जुने गाव दुसऱ्या बाजूला, मध्ये मोटारींचा चर. पूर्वी पाणी होते तेव्हा काठाला सावली होती, बसायला जागा होती. आता होता तो आवाज आणि धूर.

ज्यांनी खंदक बुजवला ते वेडे होते असे मात्र म्हणू नका. त्यांना गावाचे भलेच करायचे होते. त्यांच्या काळी मोटार म्हणजे प्रगती आणि जुना खंदक म्हणजे अडगळ, असेच सगळीकडे वाटत होते. हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण आम्हीही तसेच केले आहे.

आमचा ओढा

आम्ही ज्या तालुक्याच्या गावी हेडमास्तर होतो, तेथे शाळेच्या मागून एक ओढा जात होता. पावसाळ्यात भरून वाहायचा, उन्हाळ्यात डबकी राहायची. कचरा साचे, डास होत. खालच्या अंगाला परीटआळी होती. त्यांचे धुण्याचे दगड ओढ्यातच होते.

१९९८ साली ठराव आला की ओढ्यात मोठे पाइप टाकायचे, वरून स्लॅब घालायचा आणि त्यावर दुकानांचे गाळे काढायचे. कचेरीबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली. 'हरकती असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात.' आमच्याकडे शाळेचे मत विचारले. आम्ही आनंदाने संमतीचे पत्र लिहिले. डास जातील, पोरे पाण्यात पडणार नाहीत, शाळेपुढे बाजार होईल. यात वाईट काय?

त्याच आठवड्यात परीटआळीतले एक म्हातारबा आम्हांला फळ्यापाशी भेटले. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी विचारले, "गुर्जी, काय लिवलंय वो?"

आम्ही म्हणालो, "ओढा झाकणार आहेत, बाबा. चांगलंच आहे."

ते "बरं" म्हणाले आणि गेले.

फळ्यावर दोन गोष्टी होत्या. ओढा झाकणार, ही एक. ज्याला पसंत नाही त्याने तीस दिवसांत सांगावे, ही दुसरी. आम्ही पहिली सांगितली, दुसरी सांगितली नाही. मुद्दाम लपवली असे नाही. आम्हांला ठराव पसंत होता, म्हणून दुसरी सांगण्यासारखी वाटलीच नाही. परीटआळीतून एकही हरकत आली नाही. स्लॅब पडला, गाळे झाले, धुण्याचे दगड खाली गाडले गेले.

२००६ च्या पावसाळ्यात एका रात्री फार पाऊस झाला. ओढ्याला जितकी जागा लागते तितकी पाइपात नव्हती. पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला आणि पाणी वर चढले. ते परीटआळीत गुडघाभर शिरले. लोकांच्या कपड्यांची गाठोडी इस्त्रीसाठी आलेली होती, ती सगळी चिखलात भिजली. आमच्या शाळेतले जुने दाखलेही भिजले. सकाळी आम्ही तिकडे गेलो, तर म्हातारबा दारात चिखल उपसत होते. ते आम्हांला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

उट्रेख्तच्या काठावर उभे असताना आम्हांला हे सारे आठवले. पुतणीने विचारले, "काका, गप्प का झालात?" आम्ही तिला म्हणालो, "पुढे सांग. मग पाणी परत आलं कसं?"

पाणी परत कसे आले

पाणी परत आले ते लोकांच्या मताने.

खंदक बुजल्यावरही तो पुन्हा उघडावा असे म्हणणारे लोक शहरात होते. स्टेशनजवळचा सारा भाग नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा नगरपालिकेने दोन आराखडे केले आणि ते लोकांपुढे ठेवले. २००२ साली मतदान झाले. हे मतदान माणूस निवडण्याचे नव्हते. आपल्या शहराचा मध्यभाग कसा असावा, हे निवडण्याचे होते. लोकांनी जो आराखडा निवडला, त्यात खंदकात पाणी परत आणायचे होते.

मत दिले आणि दुसऱ्या दिवशी पाणी आले, असे झाले नाही. रस्ता आधी बंद करावा लागला. मोटारींना दुसरी वाट द्यावी लागली. त्या उभ्या करायला जमिनीखाली जागा केली. झाकलेला बाजार खंदकाच्या वाटेवरच उभा होता; तेव्हा पाणी त्याच्या खालून न्यावे लागले. नवे पूल बांधले, काठ बांधले, झाडे लावली. उत्तरेकडच्या भागात २०१५ साली पाणी आले. शेवटचा भाग १२ सप्टेंबर २०२० रोजी खुला झाला. त्या दिवशी शहराभोवतीचे पाण्याचे कडे पुन्हा जुळले.

हिशेब करा. मतदान २००२ ला आणि काम पुरे २०२० ला. अठरा वर्षे लागली. बुजवायला थोडा काळ पुरतो, उकरायला पिढी जाते. खर्च तर विचारूच नका. ज्या कामाला एकदा पैसा घातला, तेच काम मोडायला दुसऱ्यांदा घातला. म्हणून आधीच विचार करावा, हे बरे. पण चूक झालीच तर ती कायमची मानू नये, हेही तितकेच खरे. या कामाला २०२२ साली शहरातल्या सार्वजनिक जागांसाठी असलेले यूरोपातले मोठे बक्षीस मिळाले.

होडीतून फेरी

दुपारी आम्ही होडीत बसलो. एकेक पूल मागे पडत होता. जुन्या भागात मोठमोठी झाडे पाण्यावर वाकली होती. तेथे बागेची शंभर-दीडशे वर्षांची शांतता आहे. मग नवा भाग आला. झाडे अजून कोवळी, दगड नवे. थोड्या वेळाने होडी अंधारात शिरली. वर बाजार होता! डोक्यावर दुकाने, गिऱ्हाइके, खरेदी चाललेली आणि खालून आम्ही पाण्यावरून चाललो होतो. सौ. म्हणाल्या, "आपल्याकडे ओढ्यावर दुकानं बांधली, इथंही पाण्यावर दुकानंच आहेत. मग फरक काय?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही विचार केला. फरक हा की येथे पाण्याला त्याची रुंदी ठेवली आहे. होडी जाईल एवढी जागा आहे. आणि दोन्ही टोकांना ते उघडे आहे. कचरा अडकला तर दिसतो आणि काढता येतो. आपण ओढा पाइपात घातला आणि विसरून गेलो. जे दिसत नाही त्याची काळजी कोण घेतो?

उघड्या पाण्याचे आणखीही उपयोग पुतणीने सांगितले. मोठा पाऊस आला की पाणी साठायला जागा मिळते. उन्हाळ्यात काँक्रीट तापते तसे पाणी तापत नाही, काठाला गारवा राहतो. मासे आणि पाखरे येतात. आणि माणसाला फुकट बसायला जागा मिळते. ही शेवटची गोष्ट लहान समजू नका. बाजारात बसायचे तर काहीतरी विकत घ्यावे लागते. काठावर नुसते बसता येते.

माशांची घंटा

आता एक मौजेची गोष्ट सांगतो.

शहराच्या उत्तरेला कालव्यावर एक जुने पाण्याचे दार आहे. दोन बाजूंच्या पाण्याची पातळी वेगळी असली की अशी दारे लागतात. होडी आली की एक दार उघडतात, तिला मधल्या हौदात घेतात, ते दार लावतात, पाण्याची पातळी सारखी करतात आणि मग दुसरे दार उघडतात.

वसंत ऋतूत मासे अंडी घालण्यासाठी उथळ पाण्याकडे निघतात. त्यांची वाट या दारातून जाते. पण तेव्हा होड्या थोड्या असतात, म्हणून दार बहुतेक बंदच. मासे बिचारे दाराशी ताटकळतात आणि पाणपक्षी त्यांना टिपतात. यावर तेथल्या लोकांनी २०२१ साली उपाय काढला. पाण्याखाली कॅमेरा बसवला. त्यातले चित्र जगात कोणीही घरी बसून पाहू शकतो. मासा दिसला की पाहणाऱ्याने चित्राखालची घंटा दाबायची. पुरेसे मासे जमले असे कळले की दार उघडतात.

रात्री पुतणीच्या संगणकावर आम्ही तिघे बसलो. हिरवट, गढूळ पाणी. दहा मिनिटे काही नाही. आम्ही जांभई दिली, आणि सौ. ओरडल्या, "अहो, तो बघा!" एक जाड मासा संथपणे तोंडासमोर आला. सौ.नी घंटा दाबली. त्यांचा आनंद काय वर्णावा! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाच्या आधी विचारले, "दार उघडलं असेल का गं?"

आम्हांला मात्र रात्री झोप लागली नाही. दाराशी अडकलेल्या माशांना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणीतरी घंटा बसवली. आमच्या फळ्यापाशी तर बोलणारा माणूस उभा होता. त्याने स्वतः विचारले होते. घंटा आमच्या हाताशी होती आणि आम्ही ती दाबली नाही.

तीन शब्द

परत आल्यावर आम्ही या संस्थेच्या रात्रीच्या वर्गात शिकवायला जाऊ लागलो. परीटआळीतल्या तीन बाया वर्गाला येतात. म्हातारबा २०१४ साली वारले. त्यांना सांगायचे होते ते सांगायचे राहून गेले. म्हणून ते तुम्हांला सांगतो.

कचेरीच्या नोटिशीत तीन शब्द हटकून असतात. ते ओळखायला शिका.

'प्रस्तावित' म्हणजे ठरवू पाहत आहेत, अजून पक्के झालेले नाही. हा शब्द दिसला की समजा, बोलायला वाव आहे.

'हरकत' म्हणजे मला हे पसंत नाही, असे लेखी सांगणे. हरकत घेणे म्हणजे भांडण करणे नव्हे. कारण लिहावे, नाव लिहावे, सही करावी, अर्ज पोहोचल्याची पोच घ्यावी.

'मुदत' म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत सांगायचे, ती वेळ. ती टळली की चांगले कारणही उपयोगी पडत नाही.

आमच्या गावात शाळेच्या वरच्या अंगाला ओढ्याचा एक तुकडा अजून उघडा आहे. तोही झाकायचा असे गेल्या वर्षी पुन्हा निघाले. फळ्यावर नोटीस लागली. या वेळी आम्ही नोटीस आधी वाचली नाही. वर्गातल्या तीन बाया पुढे झाल्या आणि त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर लावत ती मोठ्याने वाचली. मागे पंधरा-वीस माणसे उभी होती. 'मुदत' या शब्दापाशी त्या थांबल्या, तारीख दोनदा वाचली.

कोणी हरकत घेतली, कोणी घेतली नाही. काहींना अजूनही ओढा झाकावा असेच वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना हक्क आहे. निकाल अजून लागायचा आहे. पण या खेपेला ज्यांच्या दारात पाणी येते, त्यांना काय लिहिले आहे ते ठाऊक आहे.

तुमच्या गावातही ओढा असेल, तळे असेल, बारव असेल. कचेरीबाहेर फळाही असेल. येता-जाता त्याच्याकडे एकदा पाहत जा. आणि शेजारी कोणी उभा राहून "काय लिहिलंय हो?" असे विचारील, तर त्याला सगळे वाचून दाखवा. अर्धे नको.